साडूंच्या खिशाकडे बघा

मे २०१६ मधला एक रविवार. रक्कम साडेसहाशे रुपये. हजर माणसे तीन: वापीचा एक दुकानदार, मी, आणि आयुष्यात कधीही एका जागी शांत उभे न राहिलेले, पण बाकी सगळ्या जगाने तसे उभे राहावे म्हणून जीव टाकणारे माझे साडू. घेतलेली वस्तू म्हणजे कॅमेऱ्याचा बिनतारी रिमोट. एक छोटी डबी कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायची, आगपेटीएवढे बटण आपल्याजवळ ठेवायचे आणि लांबून दाबले की फोटो निघतो. दुकानदाराने आठशे सांगितले होते. घासाघीस मी केली, कारण साडू तेवढ्या वेळात शेजारच्या दुकानात जाऊन पंख्याचे भाव विचारून आले होते. मी पैसे देत असताना दुकानदार सांगू लागला, "शेठ, अंदर चार बारीक खटके हाय, नंबर आपला आपला बदली करून घ्यायचा..." पण शेठ रस्ता ओलांडून पलीकडे पोचले होते आणि तिथून मला हात करत होते. मी त्यांच्या मागे गेलो. त्यांच्या बरोबर बाहेर पडणाऱ्याचे निम्मे आयुष्य त्यांच्या मागे जाण्यातच जाते.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तलासरीच्या अलीकडे एका गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. गुजरात जवळ असल्याने तिकडे गिरणीला घंटीही म्हणतात, आणि साडूंना घंटीवाले. मी डहाणूजवळ सरावलीत राहतो आणि हिशेब लिहायची नोकरी करतो, म्हणून ते मला नावाने न बोलावता 'हिशेबनीस' म्हणतात. मी त्यांना दादा म्हणतो. आमच्या घरी ते पुढच्या दाराने येत, स्वयंपाकघरातून जाताना गळका नळ आवळत, फिरत्या पंख्याकडे बघून "याला तेल द्या" म्हणत आणि मागच्या दाराने विहिरीवर जात. बायको पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागोमाग हिंडे. जेवण उभ्यानेच. कधी बळेच पाटावर बसवले, तर भात येईपर्यंत ते उठून आमटीच्या पातेल्याची कडी ठोकून सारखी करत. महामार्गावर बसची वाट बघायची त्यांना सवय नव्हती. बस येईपर्यंत ते पुढच्या थांब्याकडे चालत सुटत, आणि दोन थांब्यांच्या बरोबर मध्ये असताना बस त्यांच्या अंगावर धूळ उडवून निघून जाई. तलासरीचा न्हावी त्यांची दाढी दोन हप्त्यांत करायचा. एक गाल झाला की साडू उठून गिरणी बघून येत, मग दुसरा. अर्ध्या तोंडाला साबण लावून मोटारसायकलवरून जाणारा माणूस दिसला की गावातली बाया-माणसे दळणाचे डबे काढत, कारण घंटीवाले निघाले म्हणजे आता पट्टा सुरू होणार.

असा हा माणूस २०१४ साली एक जुना डिजिटल कॅमेरा घेऊन बसला, म्हणजे अर्थात घेऊन उभा राहिला, आणि आमच्या दोन्ही घरांत 'हलू नका' हे दोन शब्द शिरले. बारसे असो, साखरपुडा असो, नवीन म्हैस आणलेली असो, साडू सगळ्यांना ओळीत लावत. म्हैससुद्धा ओळीत. फोटो हललेला निघणे हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. कोणाची पापणी मिटली तर ते माफ करत, कोणाचे डोके कापले गेले तरी माफ, पण कडा पुसट आलेली दिसली की त्यांना जेवण जात नसे. "माणूस आयुष्यभर हलतच असतो," ते म्हणत, "एवढा एक क्षण तरी नीट थांबावं ना त्यानं."

आणि फोटो हललेलेच निघत. माणसे दगडासारखी उभी राहिली तरी हललेले निघत, कारण साडूंचा उजवा हात थरथरायचा. हे आम्हा सगळ्यांना माहीत होते आणि आमच्यापैकी कोणीही ते बोलत नसे. एकदा मी आडून विचारले होते. ते म्हणाले, "दिवसभर गिरणीच्या मोटारीपाशी असतो. थोडी थरथर अंगात राहणारच." मी आकड्यांचा माणूस, मला असे उत्तर जुळवून बघायची खोड आहे. अमावास्येला गिरणी बंद ठेवायची त्यांच्या वडिलांपासूनची रीत. एका अमावास्येला मी मुद्दाम तलासरीला गेलो. मोटार गार होती. हात हलत होता. मी चहा घेतला आणि परत आलो.

त्या घरच्या चहाबद्दल सांगायला हवे. माझी मेव्हणी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, पाहुण्याला कप अर्धाच भरून देई. थोड्या वेळाने पुन्हा अर्धा. आमच्याकडचे लोक तिला चिकट म्हणत. "दूध काय सोन्याचं आहे का ताईकडे," असे माझी चुलतबहीण एकदा बोललीही. पण ताईचा हिशेब वेगळा होता. साडूंना भरला कप दिला तर बशीत सांडतो. एकट्या त्यांनाच अर्धा दिला तर चार माणसांत दिसते. म्हणून सगळ्या जगालाच अर्धा. या घरात येणारे कलेक्टर असले तरी त्यांना अर्धाच कप मिळाला असता.

रिमोट आला आणि साडूंचे भाग्य उघडले. कॅमेरा स्टँडवर, बटण खिशात, खिशात हात. आता हात कितीही हलो, कॅमेरा हलत नाही. "माझ्या वाट्याचं एका जागी थांबायचं काम मी या तीन पायांच्या माणसाला दिलंय," असे ते स्टँडच्या खांद्यावर थोपटून म्हणत. आणि स्वतः मोकळे. ते मांडवभर फिरत, बोलत, कोणाच्या तरी टोपीवरची अक्षत झटकत आणि अधेमधे खिशातल्या खिशात बटण दाबत. कधी दाबतील ते कोणालाच कळत नसे. त्यामुळे त्या काळातल्या आमच्या घराण्याच्या सगळ्या फोटोंत माणसे कॅमेऱ्याकडे न बघता डावीकडे, उजवीकडे, कुठे तरी खालच्या बाजूला डोळे लावून उभी आहेत. अनोळखी माणसाला वाटते की ही मंडळी जमिनीवर हरवलेले काही शोधत आहेत. ती साडूंच्या खिशाकडे बघत आहेत.

हात थरथरत असल्यामुळे बटण एकदा दाबले जात नसे. प्रत्येक वेळी तीन फोटो निघत, एकापाठोपाठ एक, तेच ते. मी म्हटले, "दादा, कार्ड भरतं की हो यानं." ते म्हणाले, "एकाला दोन राखीव. तुम्ही खात्यात ठेवता ना राखीव निधी?" यावर मी गप्प बसलो, कारण ठेवतो.

बटण किती लांबून चालते हे बघायला त्यांनी आम्हाला एकदा डहाणूच्या समुद्रावर नेले. सुरूच्या झाडांसमोर ओल्या वाळूत स्टँड रोवला, पुढे आम्हाला उभे केले आणि स्वतः किनाऱ्याने चालत निघाले. दर थोड्या वेळाने ते वळत, हात वर करत, आणि आम्ही कॅमेऱ्याचा आवाज आला की रुमाल हलवायचा असे ठरले होते. ते ठिपक्याएवढे झाले. आवाज कधीचा बंद झाला होता, पण रुमाल का हलत नाही हे विचारायला परत यावे हे त्यांच्या डोक्यात येणे शक्य नव्हते. भरती चढत होती. स्टँडचे पाय पाण्यात गेले तेव्हा मी पँट दुमडून कॅमेरा उचलून आणला. बायको वाळूत बसून शेंगा सोलत म्हणाली, "थांबा थोडं. भावोजी बोर्डीला पोचले असतील, तिकडून बसनं येतील." आणि ते खरोखरच बोर्डीहून आले, फक्त बसऐवजी रिक्षातून.

मग २०१८ ची दिवाळी झाली आणि तलासरी-डहाणूच्या पूर्वेकडच्या गावांत जमीन हलायला लागली. पहिले धक्के बसले तेव्हा साडूंच्या गावातल्या कोणालाही भूकंप सुचला नाही. आयुष्यभर ज्याने गाव हादरवले ते कारण सगळ्यांना ठाऊक होते. पहाटेच चार-पाच शेजारी त्यांच्या दारात उभे. त्यांतले एक म्हातारेबुवा म्हणाले, "काय रे घंटीवाले, रातची घंटी कशाला चालवतो? आमची पोरं झोपत नाहीत. भांडी पडली फळीवरची."

"माझी घंटी बंद आहे बाबा. या, हात लावून बघा."

सगळे आत गेले आणि एकेकाने मोटारीला हात लावला. मोटार थंडगार होती. तेवढ्यात पायाखाली पुन्हा गुरगुरले, वरून पिठाचा धुरळा पडला, आणि बाहेर आले तेव्हा सगळ्यांचे केस पांढरे झाले होते. दिवसा तर याच्या उलट व्हायचे. गिरणी चालू असताना धक्का बसला की अख्खे गाव अंगणात, आणि साडू एकटेच आत पीठ गाळत, कारण त्यांना फरकच कळत नसे. कोणी तरी जाऊन त्यांना ओढून आणावे लागे.

त्या हिवाळ्यात लोक घराबाहेर ताडपत्रीखाली झोपले. साडूंच्या भिंतीला कोपऱ्यातून तडा गेला. ताईने बिछाने अंगणात नेले ते नेलेच. मी विचारपूस करायला गेलो तेव्हा शेजारच्या बाईने माझ्यासमोर चहा ठेवला, तोही अर्धा. आता सगळ्या आळीतच भरलेला कप कोणी ठेवत नव्हते. साडू येरझाऱ्या घालत होते, पण त्यांचा चेहरा इतक्या वर्षांत पाहिला नव्हता असा मोकळा होता. "बघा हिशेबनीस," ते हळूच म्हणाले, "हल्ली सगळ्यांचेच हात थरथरतात."

आमच्या मुलीचे लग्न याच दिवसांत, २०१९ च्या फेब्रुवारीत ठरले. सरावलीला, आमच्याच अंगणात. बायकोने फोटोवाला लावायचे ठरवले. कारण तिने एका शब्दानेही सांगितले नाही आणि मी विचारले नाही. फक्त पत्रिका घेऊन तलासरीला निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली. "नीट सांगा. 'फोटोवाला लावलाय' म्हणा. 'लावावा लागला' म्हणू नका."

साडू गिरणीची जाळी झटकत होते. एका बाजूने झटकत, मग फिरून दुसऱ्या बाजूला जात. मी सांगितले.

"किती घेतो?" त्यांनी विचारले.

"अठरा हजार. अल्बम धरून."

"कॅमेरे दोन?"

"दोन. एक हातात, एक उंच स्टँडवर. अख्खा मांडव येतो म्हणे त्यात."

साडू थांबले. जाळी हातात, पाय जागेवर. मी त्यांना इतकी वर्षे ओळखतो, पण असे उभे राहिलेले तोपर्यंत कधी पाहिले नव्हते. ते म्हणाले, "बरोबर केलंत. लग्न एकदाच असतं. फोटो हलला तर परत कुठून आणणार." आणि उजवा हात खिशात घातला. दोन अर्धे कप झाल्यावर मी निघालो, तेव्हा ते फाटकापर्यंत आले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "मी माझा कॅमेरा आणू का? मध्ये येणार नाही. नुसता राखीव म्हणून."

"आणा की," मी म्हटले.

लग्नाच्या सकाळी त्यांनी आपला स्टँड मांडवाच्या एका खांबाला टेकून, लाजल्यासारखा लावला. डहाणूच्या फोटोवाल्याला तो आपल्या चौकटीत येतोय असे वाटले. नवरीच्या वेषातल्या आमच्या मुलीने त्याला सांगितले, "काकांचा स्टँड हलवायचा नाही. बाकी कोणालाही हलवा." तो बिचारा बाजूला झाला. पण थोड्याच वेळात माझ्याजवळ आला. "साहेब, माझा वरचा कॅमेरा आपोआप फोटो काढतोय. तीन-तीन. जमिनीच्या धक्क्यानं होत असेल का?" नवऱ्याकडच्या एका काकांनी ठामपणे सांगितले की होते, त्यांच्या घरचे घड्याळ दिवाळीपासून पुढे पळते आहे.

नंतर साडूंनी मला माडाच्या झापांमागे ओढून नेले. कपाळावर घाम होता. "हिशेबनीस, कोणाला सांगू नका. माझा कॅमेरा वाजतो आणि मला दाबल्याचं आठवतच नाही." त्यांनी हात खिशातून थोडा बाहेर काढला, त्याच्याकडे परक्यासारखे पाहिले आणि पुन्हा आत घातला. "इतके दिवस नुसता हलत होता. आता मला न विचारता दाबायला लागला."

मी म्हटले, "मशीन आहे, बिघडत असेल."

"मशीन बिघडलेलं नाही," ते म्हणाले.

मंगलाष्टके शेवटाला आली. मुलगी आणि जावई समोरासमोर, मध्ये धरलेला अंतरपाट. भटजींनी स्वर लावला आणि तेवढ्यात ताटांच्या चळतीने खणखणाट केला. सरावलीच्या मानाने धक्का चांगलाच जाणवला. आमची माणसे ओरडत पळाली. तलासरीकडची मंडळी चपला घालून, सवयीने ओळीत बाहेर गेली. भटजींनी अंतरपाटाचे आपल्याकडचे टोक सोडले आणि ते गेले. दुसरे टोक धरणारेही गेले. हातातला कॅमेरा छातीशी धरून फोटोवाला थेट रस्त्यावर. कोणाच्या तरी पायाने साडूंचा स्टँड आडवा झाला. दोन-चार क्षणांत सगळे थांबले, लोक एकमेकांना हसत परत आले, अंतरपाट पुन्हा धरला गेला आणि लग्न लागले. साडू कधी निघून गेले ते कोणी पाहिले नाही. कॅमेरा त्यांनी पिशवीत घालून नेला होता.

आठवड्याने ताईचा फोन आला. "यांनी पेटीत ठेवलाय कॅमेरा. कुलूप लावलंय. गिरणीत माणूस ठेवतो म्हणतात, आपल्या हाताचा भरवसा नाही, तो दाण्यात नको. मी काय करू?" बायकोने फोन माझ्याकडे दिला.

उत्तर मार्चमध्ये फोटोवाल्याने आणले. अल्बम दाखवून झाल्यावर त्याने एक मोठा फोटो वेगळा काढून टेबलावर ठेवला. उंच स्टँडवरच्या कॅमेऱ्याचा. मांडव रिकामा. खुर्च्या वाकड्यातिकड्या, तांदूळ सांडलेले, अंतरपाट जमिनीवर. मधोमध मुलगी आणि जावई, एकमेकांसमोर, आजूबाजूला कोणी नाही, आणि दोघे इतके हसत आहेत की बाकीच्या अल्बममधल्या नवरा-नवरीशी त्यांचे काही नाते वाटत नाही. आणि खांबाजवळ साडू. खिशात हात, पाय जागेवर. तालुका पळत असताना एकटे उभे.

फोटोवाला म्हणाला, "हा मी काढलेला नाही. मी रस्त्यावर होतो. लागोपाठ तीन आहेत. पहिले दोन धक्क्यात हललेत, काही दिसत नाही. तिसरा हा. मी तर बटण एकदाच दाबतो."

"आमच्याकडे तीनदा दाबणारे एकच आहेत," मी म्हटले.

त्याने पिशवीतून त्या उंच कॅमेऱ्याच्या रिमोटची डबी काढली. मी विचारले, कुठली घेतली. वापीची. आणि मला तो दुकानदार आठवला. डबी उघडली तर आत चार बारीक खटके, दुकानातून आले तसेच. साडूंनी आपल्या डबीतले बदलले नव्हते, कारण त्यासाठी खाली बसावे लागले असते. आणि याने बदलले नव्हते, कारण असली वस्तू डहाणूत दुसऱ्या कोणाकडे असेल असे त्याला वाटले नव्हते. दोघांचे नंबर एकच. साडूंनी दाबले की याचाही कॅमेरा वाजत होता, आणि याने दाबले की साडूंचाही.

मी दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन तलासरीला गेलो. साडू येरझाऱ्या घालत होते. मी त्यांना खटक्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली. मग विचारले, "म्हणजे मी न दाबता निघाले ते..."

"ते त्यानं दाबले. तुमच्या हातानं तुम्हाला न विचारता काहीच केलेलं नाही."

"आणि हा?"

"हा तुमचा. तिसरा. पहिले दोन हलले."

ते ओट्यावर बसले. खरोखर बसले. फोटो मांडीवर ठेवून सगळ्या कडा नीट बघितल्या, कुठे पुसट नाही ना. ताई दारात अर्धे कप घेऊन उभी होती आणि बाहेर येत नव्हती. मग ते म्हणाले, "मी हललो नाही वाटतं यात."

"नाही," मी म्हटले.

आता हिशेब. डहाणूच्या फोटोवाल्याशी अठरा हजार ठरले होते. जो फोटो आपण काढला नाही त्याचे पाचशे त्याने स्वतःहून कमी केले आणि साडेसतरा हजार घेतले. राहिलेले पाचशे मी साडूंना रोख दिले. घेत नव्हते, मी म्हटले, ज्याने काढला त्याला द्यायचे, नाहीतर माझे खाते जुळत नाही. तेव्हा त्यांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला, पुढे केला आणि पैसे घेतले. नोट हातात थरथरत होती. ताईने पाहिले, मी पाहिले, आणि चहा संपेपर्यंत त्यांनी तो हात पुन्हा खिशात घातला नाही.